उतारवयातले टेनिस, गुडघ्याची गादी आणि समोरचा एकोणीस वर्षांचा खेळाडू

नमस्कार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. आपण सत्तेचाळीस वर्षांचे आहात, चिपळूणजवळ राहता, एकेकाळी जिल्हा पातळीवर एकेरीचे विजेते होता आणि डिसेंबरात होणाऱ्या क्लबच्या खुल्या स्पर्धेत गेली दोन वर्षे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांकडून तिसऱ्या सेटमध्ये हरत आहात. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते, एमआरआयमध्ये मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या गादीची, झीज आणि लहानशी फाट दिसली आहे, शिवाय मधूनमधून कोपरही ठणकते. नोव्हाक जोकोविच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तर मीही शस्त्रक्रिया करून घ्यावी का, आणि त्यानंतर या मुलांना हरवणे शक्य आहे का, की आता थांबावे, असे आपण विचारले आहे.

आपण हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत: एक गुडघ्याचा, दुसरा तरुण प्रतिस्पर्ध्यांचा. रत्नागिरीत खेळाडूंवर फिजिओथेरपीचे उपचार करताना मला हे दोन प्रश्न बहुधा एकाच गाठीत बांधलेले दिसतात, आणि ती गाठ आपल्याच वाक्यात आहे: आपण तिसऱ्या सेटमध्ये हरता. पहिले दोन सेट बरोबरीत सोडवणाऱ्या माणसाकडे फटके आहेत, नजर आहे, बऱ्यापैकी वेगही आहे. त्याच्याकडे कमी पडते ती शरीर पुन्हा सावरण्याची गती. दोन रॅलींच्या मधली, दोन सेटच्या मधली, आणि सर्वांत जास्त म्हणजे दोन सामन्यांच्या मधली. वयानुसार स्नायूंचे प्रमाण घटते, त्यातही झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात आणि हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते, हे सर्व खरे आहे. परंतु माझ्याकडे येणारे चाळिशीपुढचे खेळाडू "मी हळू झालो" अशी तक्रार घेऊन क्वचितच येतात. "शनिवारी उत्तम खेळलो, रविवारी जिना उतरवेना" ही त्यांची तक्रार असते.

पुढे जे लिहीत आहे त्यातील बराच भाग आपला गुडघा प्रत्यक्ष तपासल्यावर बदलू शकतो. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, खेळल्यावर फुगत असेल, किंवा दिशा बदलताना अचानक निसटल्यासारखा वाटत असेल, तर खालचे विवेचन बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आपले वजन, कामाचे स्वरूप, पूर्वीच्या दुखापती आणि खेळता ते कोर्ट सिमेंटचे आहे की मातीचे, यांवरही बरेच अवलंबून आहे.

आता जोकोविचविषयी. ३ जून २०२४ रोजी फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत फ्रान्सिस्को सेरुन्डोलोविरुद्ध पाच सेट खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्यातील आतल्या बाजूच्या मेनिस्कसला इजा झाली. ५ जूनला पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली, १४ जुलैला तो विम्बल्डनचा अंतिम सामना खेळला आणि ४ ऑगस्टला त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी त्याचे वय सदतीस होते. मात्र विम्बल्डनचा तो अंतिम सामना कार्लोस अल्काराझने ६-२, ६-२, ७-६ असा सरळ सेटमध्ये जिंकला, हे आपल्या प्रश्नात आलेले नाही. त्याला ठरलेल्या मुदतीत कोर्टावर उभे करण्याचे काम शस्त्रक्रियेने केले. त्याच एकवीस वर्षांच्या अल्काराझला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हरवायला आणखी तीन आठवड्यांचा सराव आणि विश्रांती लागली.

त्याहून महत्त्वाचा फरक फाटीच्या स्वरूपात आहे. सामन्यात झालेली ताजी इजा आणि सत्तेचाळिशीतल्या गुडघ्यात झिजेमुळे पडलेली फाट या वैद्यकीयदृष्ट्या निराळ्या गोष्टी आहेत. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांचा गुडघा अजिबात दुखत नाही अशांचाही एमआरआय काढला, तर त्यांतील अनेकांच्या मेनिस्कसमध्ये झीज किंवा फाट आढळते. म्हणजे अहवालात जे दिसते त्यामुळेच दुखते आहे असे धरून चालता येत नाही. शिवाय अशा झिजेच्या फाटींमध्ये, गुडघा अडकत नसेल तर, दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढण्याचा निकाल पद्धतशीर व्यायामापेक्षा सरस ठरत नाही, असे तुलनात्मक चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. काढलेली गादी परत येत नाही आणि जितका भाग काढाल तितका सांध्यावरचा दाब वाढून पुढे संधिवाताची शक्यता वाढते. फाटीला टाके घालणे हा दुसरा मार्ग आहे, पण त्यानंतर खेळायला परतण्यास महिने लागतात आणि झिजलेल्या ऊतीत टाके नीट धरतीलच असे नाही. तेव्हा आपल्या वर्णनावरून तरी, किमान तीन महिने नेटाने व्यायाम केल्याशिवाय शस्त्रक्रियेकडे वळू नये, असे माझे मत आहे.

नेटाने म्हणजे काय, हे नेमके सांगायला हवे, कारण "व्यायाम करून पाहिला, फरक नाही" असे सांगणाऱ्या बहुतेकांनी आडवे पडून पाय वर-खाली करण्यापलीकडे काही केलेले नसते. टेनिससाठी गुडघ्याला थांबण्याची, म्हणजे वेग झेलण्याची ताकद लागते. त्यासाठी मी सर्वांत आधी देतो तो व्यायाम घरच्या पायरीवर होतो. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून सुरुवात सुट्या, आडव्या ठेवलेल्या जांभ्याच्या चिऱ्यावरून करावी. तो डगमगत नाही याची खात्री करून घ्यावी आणि पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळलेल्या दगडावर हा प्रयोग मुळीच करू नये. दुखऱ्या पायावर चिऱ्यावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायाची टाच चार अंक मोजत, अगदी सावकाश, जमिनीला टेकवायची; वजन टाकायचे नाही, फक्त स्पर्श करून परत वर यायचे. समोर आरसा ठेवला तर एक गोष्ट लगेच दिसेल: खाली जाताना गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याच्या पलीकडे झुकतो. बहुतेक वेळा हा दोष गुडघ्याचा नसून नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचा असतो, आणि पळत जाऊन रुंद पडलेला फोरहँड मारताना हेच झुकणे गुडघ्याच्या आतल्या भागावर ताण आणते. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड करावे. व्यायामाच्या वेळी दहापैकी तीनपर्यंत दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे मूळ पातळीवर आलेले असले पाहिजे. तसे आले नाही तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी. या जोडीला पोटऱ्यांसाठी टाचा उचलणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे काम हवे. हे सर्व कंटाळवाणे आहे, यात वाद नाही.

आता मोठे खेळाडू उतारवयात नेमके काय करतात ते पाहू, कारण आपण त्यांच्या दुखापतींकडे पाहता आहात आणि त्यांच्या वेळापत्रकाकडे पाहत नाही. रॉजर फेडररची डाव्या गुडघ्याच्या मेनिस्कसवर फेब्रुवारी २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाली. घाईने परतल्यावर त्याला विम्बल्डननंतर उरलेला हंगाम सोडावा लागला. पूर्ण सहा महिने बाहेर राहून तो जानेवारी २०१७ मध्ये परतला आणि पस्तिसाव्या वर्षी राफाएल नदालला पाच सेटमध्ये हरवून त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्यानंतरचा निर्णय मला विजेतेपदापेक्षा मोठा वाटतो: त्या वर्षीचा मातीच्या कोर्टांचा संपूर्ण हंगाम त्याने सोडून दिला. जुलैत एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकले. काही वर्षांपूर्वीच त्याने नव्वद चौरस इंच डोक्याची जुनी रॅकेट बदलून सत्त्याण्णव इंचांची घेतली होती. तिच्या बळावर तो बॅकहँड चेंडू वर चढतानाच, बेसलाइनजवळ उभा राहून मारू लागला. त्यामुळे रॅली आखूड झाल्या आणि पळणे कमी झाले. पुढे उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमधून तो नीट परतू शकला नाही आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे हा उपाय कायमचा नव्हता, पण त्याने तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवून दिली.

नदालचा मार्ग उलट होता आणि त्याबद्दल मला आदर असला तरी मी कोणाला तो सुचवणार नाही. त्याच्या डाव्या पायाला म्युलर-वाइस नावाचा, मध्यपावलातील एका हाडाचा आजार आहे. २०२२ ची फ्रेंच ओपन त्याने पायाची संवेदना बधिर करणारी इंजेक्शने घेत जिंकली, ते त्याचे तिथले चौदावे विजेतेपद. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये पोटाचा स्नायू फाटल्याने उपांत्य सामन्यापूर्वी माघार, २०२३ च्या सुरुवातीला नितंबाच्या सांध्याजवळ दुखापत, त्यावर शस्त्रक्रिया, परतल्यावर पुन्हा स्नायूला इजा, आणि २०२४ च्या अखेरीस निवृत्ती, असा पुढचा क्रम आहे. बावीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसाने कारकिर्दीच्या शेवटी कोणती किंमत मोजायची, हा त्याचा हक्क आहे. आपल्याला सोमवारी कामावर जायचे आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी "एक इंजेक्शन मारून घेतो आणि खेळतो" म्हणणारे खेळाडू दर डिसेंबरात माझ्याकडे येतात. स्टिरॉइडचे इंजेक्शन वेदना काही आठवडे दाबते, पण वेदना दाबलेल्या गुडघ्यावर आपण नेहमीपेक्षा अधिक भार टाकतो. कोपराच्या टेनिस एल्बोमध्ये तर अशा इंजेक्शनने सुरुवातीला बरे वाटते आणि वर्षभरानंतरची स्थिती इंजेक्शन न घेणाऱ्यांपेक्षा वाईट असते, हे अभ्यासांतून दिसले आहे.

सावरण्याच्या गतीचा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे जोकोविचच्याच २०२५ च्या वर्षात दिसतो. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने दुखावलेल्या मांडीने अल्काराझला हरवले. तीन दिवसांनी अलेक्झांडर झ्वेरेव्हविरुद्ध एक सेट गमावून त्याने सामना सोडला. स्नायू फाटलेला होता. त्यानंतर फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या तिन्ही स्पर्धांत तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तिन्हीकडे यानिक सिनर किंवा अल्काराझ यांच्याकडून हरला. एका दिवसापुरता तो अजूनही कोणालाही हरवू शकत होता. सलग पाच-सहा सामने खेळून आल्यावर, ताज्या दमाच्या तरुणासमोर शेवटचे दोन सामने जिंकणे जमत नव्हते. आपल्या क्लबची स्पर्धा याचीच छोटी आवृत्ती आहे. शनिवार-रविवारात एकेरीचे तीन-चार सामने, त्यातच दुहेरी, आणि आपण ज्येष्ठ म्हणून मधल्या वेळेत पंच म्हणून खुर्चीवर बसता असेही लिहिले आहे. ते आधी सोडा. सामन्यांमधला तास खुर्चीत आखडून काढण्यापेक्षा सावलीत दहा मिनिटे चालणे, कोरडा शर्ट, मीठ-साखर घातलेले कोकमाचे पाणी आणि थोडा भात पोटात जाणे अधिक उपयोगाचे आहे. आपल्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि याचा फटका वीस वर्षांच्या मुलापेक्षा आपल्याला आधी बसतो.

कोकणापुरती एक गोष्ट मात्र टेनिसच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, आणि माझ्या मते आपल्या दुखण्याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. आपली उघडी कोर्टे जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत बंद असतात. सिमेंटवर शेवाळ धरते, मातीच्या कोर्टाचा चिखल होतो, आणि चार महिने रॅकेट कपाटावर पडून राहते. गणपतीची सुटी संपली, कोर्ट घासून झाले की ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे एकदम आठवड्यातून पाच दिवस खेळायला लागतात, कारण स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली असते. मच्छीमार पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटण्याआधी तिच्या फळ्या तपासतो, भेगा भरतो. आपण गुडघ्याला तेवढीही सवलत देत नाही. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि कूर्चा (सांध्यातले मऊ अस्तर) यांना महिने लागतात, म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, खेळाडूला "आता लय सापडली" असे वाटत असतानाच दुखणी सुरू होतात. विशीतला मुलगा हे सहन करतो. त्याच्या तरुणपणाचा हा खरा फायदा आहे. म्हणून वर सांगितलेला व्यायाम आत्ता, श्रावणातच सुरू करा. कोर्ट उघडल्यावर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, पाऊण तास, गुण न मोजता खेळा, आणि आठवड्याला एकापेक्षा जास्त दिवस वाढवू नका.

कोपराबद्दल थोडक्यात. पहाटेच्या दवात किंवा ओलसर कोर्टावर खेळता तेव्हा चेंडूची लव पाणी धरते आणि तो जड होतो. प्रत्येक फटक्याचा हादरा मनगटातून कोपरापर्यंत जातो. आपण रॅकेटच्या जाळीला पॉलिएस्टरचे गटिंग (तारा) वापरत असाल तर ते बदलून मऊ घ्या, ताण दोन-तीन पौंड कमी ठेवा, आणि भिजलेले चेंडू सरळ बाजूला काढा. मनगटाच्या वरच्या बाजूच्या स्नायूंना हलक्या वजनाने हळूहळू ताकद देणे हा मुख्य उपचार आहे. पट्टा बांधल्याने आराम वाटतो, पण दुरुस्ती होत नाही.

राहिला प्रश्न त्या मुलांना हरवण्याचा. ती मुले बेसलाइनच्या मागून तासभर जोरात मारू शकतात आणि आपण त्यांच्याशी तोच खेळ खेळता. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र ओपनमध्ये इव्हो कार्लोविच वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला आणि केव्हिन अँडरसनशी तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत नेऊन हरला. त्याची उंची आणि सर्व्हिस आपल्याकडे नाही, हे मान्य. परंतु गुण तीन-चार फटक्यांत संपवण्याचा त्याचा आग्रह घेता येतो. आपल्याकडे दुपारनंतर खारा वारा सुटतो. वाऱ्याच्या विरुद्ध मारलेला ड्रॉप शॉट, म्हणजे नेटजवळ अलगद टाकलेला चेंडू, नेटपलीकडे जागीच मरतो आणि वाऱ्यासोबत मारलेला तरंगत पुढे जातो, हे आपल्याला अनेक वर्षांच्या खेळातून ठाऊक आहे, मुंबईहून सुटीत आलेल्या मुलाला नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असताना ड्रॉप शॉट आणि स्लाइस, वाऱ्यासोबत असताना खोल फटका मारून नेटकडे धाव, असा साधा बेत ठेवा. त्याच्या सर्व्हिसवर चाळीस-शून्य मागे असाल तर तो गेम सोडून द्या. अभिमान थोडा दुखावेल, पण तिसऱ्या सेटसाठी पाय शिल्लक राहतील.

आणि दुहेरीकडे कमीपणाने पाहू नका. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनचा पुरुष दुहेरीचा विजेता ठरला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्यानंतर लगेच दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेला. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली आहे, हे त्याने स्वतः सांगितले आहे, आणि त्यावर अय्यंगार पद्धतीच्या योगासनांचा मोठा उपयोग झाल्याचेही. माझ्या अनुभवात पट्टे, दोर आणि लाकडी ठोकळ्यांचा आधार घेऊन केलेली ही आसने चाळिशीपुढच्या ताठर नितंबांना खरोखर मोकळे करतात, मात्र वर सांगितलेल्या ताकदीच्या व्यायामाची जागा ती घेत नाहीत.

थांबावे का, याचे उत्तर वयावरून मी देणार नाही. खेळल्यानंतरची सूज तीन दिवसांत उतरत नसेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, किंवा खेळण्यासाठी दर आठवड्याला वेदनाशामक गोळ्या लागत असतील, तर एकेरी थांबवण्याची वेळ आली आहे असे मी सांगेन. मुलांकडून हरणे हे त्यासाठी कारण नव्हे. आपल्यासाठी माझी कसोटी अशी: नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिऱ्यावरून सावकाश उतरण्याचा व्यायाम दोन्ही पायांवर सारखाच, गुडघा आत न झुकता, पंधरा वेळा जमला पाहिजे, आणि लागोपाठ दोन दिवस तासभर खेळून तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला नसावा. हे जमले तर या वर्षी फक्त एकेरीला नाव द्या आणि दुहेरी सोडा. जमले नाही तर नाव फक्त दुहेरीला द्या, एकेरीचा विचार पुढच्या डिसेंबरात करू. दरम्यान गुडघा अडकतो का, सूज येते का आणि कोर्ट कशाचे आहे, हे कळवा, म्हणजे व्यायामाची मात्रा अधिक नेमकी सांगता येईल.